त्या ९५ घरांपैकी एका घरास

सप्रेम नमस्कार.

मानसिक आजारावरच्या एकाच संशोधनात तुम्हीही होता, आम्हीही; आमच्या घरी मदतीला कार्यकर्ती आली, तुमच्या नाही. तुमचं नाव मला ठाऊक नाही, गावही नाही. तुम्ही आमच्या सातारा जिल्ह्यातले असाल, गोव्यातले असाल, नाहीतर तमिळनाडूतले. तिकडचे असाल तर हे पत्र तुम्हाला वाचताही यायचं नाही. तरी लिहिते, कारण तुमचे आभार मानायचे राहून गेलेत आणि त्याला आता पंधराएक वर्षं झाली.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार आहे. सुरू झाला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. पहिली दोन वर्षं ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणत देवऋषी आणि अंगाऱ्यात गेली. मग डॉक्टर भेटले, गोळ्या सुरू झाल्या, कानात बोलणारे आवाज कमी झाले. पण गोठ्यामागच्या पडवीत तो बसला तो बसलाच. अंघोळ नाही, कुणाशी बोलणं नाही. बरं वाटलं की गोळ्या बंद करायचा, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

अशातच दवाखान्यात आम्हाला ‘कोप्सी’ या संशोधनाबद्दल सांगितलं. डॉक्टर आणि गोळ्या सगळ्यांनाच मिळणार होत्या. काही घरी मात्र शिकवून तयार केलेली आरोग्य कार्यकर्ती वर्षभर येणार होती, आणि त्याने जास्तीचा फरक पडतो का, हे तपासायचं होतं. भावाने संमतीपत्र हातात धरून विचारलं, “मधेच नको म्हटलं तर?” त्याला सांगितलं, की तरी तुझे उपचार थांबणार नाहीत. तेव्हाच त्याने सही केली. आजारी पडल्यापासून ‘तुला चालेल का’ असं त्याला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. आम्हीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

कोणाच्या वाट्याला काय, ते संगणकाने ठरवलं. तिन्ही ठिकाणचे मिळून २८२ रुग्ण. १८७ जणांना घरभेटी, ९५ जणांना नेहमीचे उपचार. आमचं नाव १८७ मध्ये आलं. आईने देवापुढे साखर ठेवली. त्याच दिवसात तुमच्याकडेही कुणीतरी निरोप घेऊन आलं असेल, आणि तुमच्या आईने तो ऐकून काय केलं असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

आमच्याकडच्या कार्यकर्ती ताई फाट्यावर एसटीतून उतरून चालत यायच्या. सुरुवातीला वरचेवर, पुढे महिन्याने. त्यांनी गोळीची वेळ रात्रीच्या जेवणाशी बांधून दिली. वडील भावाला ऐतखाऊ म्हणायचे. बसून राहणं हाही आजाराचाच भाग आहे, हे ताईंनी त्यांना तीन-चार भेटींत, न भांडता, पटवलं. मग वडील त्याला सकाळी डेअरीत दूध घालायला बरोबर नेऊ लागले. पावसाळा संपेपर्यंत तो किटली घेऊन एकटा जायला लागला. चारचौघांत उभं राहून दुधाचा हिशोब बोलणं, एवढंच काम. आमच्या घराला ते फार मोठं होतं.

वर्ष संपताना दुसऱ्याच बाई प्रश्न विचारायला आल्या. स्वतःची काळजी घेतो का, लोकांत मिसळतो का, सांगितलेलं समजतं का, काम करतो का. आम्ही कोणत्या गटात होतो हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते सांगायचं नाही असं आम्हाला बजावलं होतं. म्हणजे उत्तरं तोलताना त्यांचं मन आधीच कुठे झुकू नये. आई दोनदा बोलता बोलता थांबली.

तेच प्रश्न तुम्हालाही विचारले गेले. वर्षभर ना ताई आल्या, ना वडिलांशी कुणी बोललं, आणि तरी तुम्ही उत्तरं दिलीत. २८२ पैकी २५३ जण वर्षाअखेरीस उत्तरं द्यायला होते, म्हणजे तुमच्यातलेही बहुतेक. आमच्या येण्यात विशेष काही नव्हतं, आम्हाला मिळत होतं. तुम्ही कशासाठी आलात?

निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मला ते पुष्कळ उशिरा, नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या भाचीने वाचून दाखवले. घरभेटींच्या गटात गोळ्या नियमित घेणं वाढलं, रोजच्या जगण्यातलं अडखळणं कमी झालं. पण एकूण फरक बेताचा, आणि सर्वांत ठळक दिसला तो तमिळनाडूच्या खेड्यांत. मला वाईट वाटलं. आमचा माणूस पडवीतून उठून डेअरीपर्यंत गेला आणि हे म्हणतात बेताचा!

भाचीने तुमच्या ९५ च्या रकान्यावर बोट ठेवलं. म्हणाली, हे लोक नसते तर घरातला सगळा बदल आपण ताईंच्या खात्यावर मांडला असता. गोळ्यांनी किती झालं, नुसतं वर्ष सरल्याने किती झालं, हे कळलंच नसतं. नवं खत टाकलं की शेजारचा वाफा तसाच ठेवून बघतात, हे शेतकऱ्याच्या घरात मला कळायला हवं होतं. पण वाफ्याला कुणी विचारत नाही. तुम्ही ऐकून, समजून हो म्हणालात, आणि हाती काही न लागता त्या शब्दाला जागलात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात घरी आणि वस्तीत पुनर्वसनाची सेवा मिळणं हा हक्क म्हणून लिहिलाय. गावोगावी तो पोचायचाय. तो मागायला जाताना ‘आमच्या घरी फरक पडला’ एवढंच माझ्यापाशी असतं, तर कुणी ऐकून घेतलं नसतं. आता मोजलेला पुरावा दाखवता येतो, आणि त्यातला तुमचा वाटा आमच्याहून मोठा आहे. त्यासाठी मनापासून आभार. तुमच्या रुग्णाचे, आणि त्याच्याशेजारी बसून उत्तरं देणाऱ्या तुमचेही.

हे पत्र मी भावाला वाचून दाखवलं. तो अजून गोळ्या घेतो, मधे दोनदा त्रास उलटला, डेअरीत अजून जातो. ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पुढं त्यांच्याकडं कुणी गेलं का?”

मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगू शकलात तर त्याला ऐकायचंय.

आपली,
१८७ मधल्या एकाची बहीण