रात्रीच्या ट्रेकला मोबाईलचा उजेड पुरत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की शनिवारी रात्री नाशिकहून घोटीमार्गे कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात. कळसूबाईच्या (१६४६ मीटर) माथ्यावरून सूर्योदय पाहायचा तर रात्री दीड-दोनलाच बारीतून चढायला लागावे लागते. म्हणजे तीन-साडेतीन तासांची जवळजवळ सगळी चढण अंधारात. अशा ट्रेकच्या सूचनांमध्ये पाणी, खाऊ, बूट यांचा तपशील असतो. उजेडाबद्दल बहुधा 'टॉर्च आणावी' एवढीच ओळ. आणि टॉर्च म्हणजे खिशातला मोबाईल, असे बरेच जण धरून चालतात. हा समज धोक्याचा आहे.

मोबाईलने एक हात अडकतो, ही पहिली अडचण. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात कठड्याला हवेत. मग मोबाईल खिशात जातो आणि नेमक्या अवघड जागी पायाखाली अंधार होतो. त्याचा उजेड जवळच पसरतो, त्यामुळे पुढे वाट वळते की तुटते हे वेळेवर कळत नाही. शिवाय डोंगरात मोबाईल सतत नेटवर्क शोधत राहतो, त्यात टॉर्च चालू, त्यात फोटो. पहाटेपर्यंत चार्जिंग उतरते आणि १०८ किंवा ११२ ला फोन लावायची वेळ आली तर हातात काहीच उरत नाही. तो निसटून दरीत गेला तर उजेड, नकाशा आणि फोन एकदमच जातात.

म्हणून डोक्याला बांधायची हेडटॉर्च प्रत्येकाकडे स्वतःची हवी. दोघांत एक चालत नाही. पुढच्याच्या टॉर्चने मागच्याला त्याच्या पाठीची सावली मिळते, वाट मिळत नाही.

विकत घेताना मेन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, खोक्यावरचा ल्यूमेनचा (उजेड मोजायच्या एककाचा) आकडा पाहून भुलू नये. तंबूत किंवा मुक्कामी ३० ते ५० ल्यूमेन पुरतात, मळलेल्या पायवाटेवर १०० ते २०० उत्तम, आणि वाट शोधायला काही मिनिटांपुरते ३०० किंवा जास्त. 'टर्बो'वर, म्हणजे सर्वांत प्रखर मोडवर, हजार ल्यूमेन देणारी टॉर्चही काही मिनिटांत तापते आणि स्वतःच उजेड कमी करते. तिचा मधल्या मोडचा आकडा महत्त्वाचा.

'४० तास चालते' हेही नीट समजून घ्यावे. एएनएसआय एफएल-१ या प्रमाणित पद्धतीत टॉर्च लावल्यावर तीस सेकंदांनी मोजलेला उजेड आधार धरतात आणि तो दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ म्हणजे चालण्याचा काळ. २०० ल्यूमेनची टॉर्च शेवटी २० ल्यूमेनवर आलेली असली तरी तो वेळ त्या आकड्यात मोजलेला असतो. अंतराचेही तसेच. खोक्यावर '१०० मीटर' असेल तर १०० मीटरवर पाव लक्स उजेड पडतो, म्हणजे पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याइतका. वाटेतला सुटा दगड ओळखायला तो अपुरा आहे. छापील अंतराच्या चौथ्या हिश्श्यावर भरवसा ठेवावा.

हिशोब घरी करता येतो. आजच्या एलईडीला २०० ल्यूमेनसाठी साधारण दोन वॉट लागतात. टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो तसले तीन ट्रिपल ए अल्कलाइन सेल मिळून प्रत्यक्षात साडेतीन वॉट-तासांच्या (वॉट गुणिले तास) आसपास ऊर्जा देतात. २०० ल्यूमेनवर दोन तासही नाहीत, १०० ल्यूमेनवर जेमतेम बारी ते माथा. उतरताना अंधार असेल तर सेल बदलावेच लागतील. त्याउलट ३००० एमएएचचा एक १८६५० मापाचा लिथियम सेल (१८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी) सुमारे अकरा वॉट-तास देतो, म्हणजे २०० ल्यूमेनवर पाच तासांच्या आसपास. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता २५०० ते ३५०० एमएएच असते. वेष्टनावर ९९०० छापलेला सेल खोटा समजावा. हातात घेतला तरी तो हलका लागतो.

हेडटॉर्चच्या जोडीला हातातली एक छोटी टॉर्च का हवी, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असते. हेडटॉर्चचा उजेड डोळ्यांच्या लगतच निघतो, त्यामुळे खड्ड्यांच्या आणि दगडांच्या सावल्या त्यांच्याच मागे लपतात आणि जमीन सपाट दिसते. कारवीतून उतरणाऱ्या घसाऱ्याच्या वाटेवर मुरमाचे गोल खडे एकसारखे भुरे दिसतात. कुठे बूट घट्ट बसेल आणि कुठे सरकेल ते कळत नाही. हातातली टॉर्च कमरेच्या उंचीवर धरून उजेड तिरपा पाडा. प्रत्येक खड्याची लांब सावली पडते, मधल्या घट्ट जागा वेगळ्या दिसतात, पायरीची कड उठून येते. उतरताना याचा फार उपयोग होतो.

धुक्यातही तेच. कपाळावरचा उजेड धुक्यातल्या थेंबांवर आपटून सरळ डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. घाबरून लोक उजेड वाढवतात, भिंत आणखी दाट होते. उजेड कमी करावा, टॉर्च कमरेशी आणावी, झोत पायांपुढे तीन-चार पावलांवर ठेवावा. हातात टॉर्च नसेल तर हेडटॉर्चच काढून पट्टा कमरेला बांधावा. भुरभुर पावसात टोपीची झडप हेडटॉर्चच्या खाली येईल अशी घातली तर डोळ्यांसमोरच्या थेंबांची चमक बरीच कमी होते.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांनी एवढे जरूर करावे. रात्रीपासून लाखो पावले त्या वाटेवर असतात, बरीच अनवाणी, आणि पाऊस ठरलेला. तिथे लांब झोताची गरज नाही. रुंद पसरणारा मंद उजेड आणि निदान आयपीएक्स-४ दर्जा, म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण, एवढे पुरे. पुढचा भाग ओढून झोत लहान-मोठा करायच्या स्वस्त टॉर्चमध्ये पाणी शिरते, कारण सरकणाऱ्या भागाला बहुधा नीट रबरी सील नसते.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि ती सवय मोडायला समोरच्याच्या टॉर्चचा एक झोत पुरतो. बोलायला वळताना हेडटॉर्च खाली वाकवावी किंवा तिच्यावर तळहात धरावा. विश्रांतीला बसल्यावर लाल दिवा लावावा. अंधारात पाहणाऱ्या पेशींवर लाल प्रकाशाचा परिणाम सर्वांत कमी होतो आणि कीटकही कमी येतात. चालायला मात्र लाल दिवा नको. दगडांवर रंगवलेले लाल बाण त्यात दिसत नाहीत, आणि खरचटलेल्या जागी रक्त किती येते आहे तेही कळत नाही. बारीसारख्या पायथ्याच्या गावातून जाताना घरांवर, गोठ्यांवर झोत मारू नयेत. लोक झोपलेले असतात.

मे अखेर आणि जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाणाऱ्यांनी तर टॉर्च शक्यतो बंदच ठेवावी. नर लुकलुकतो, मादी उत्तर देते. आपल्या उजेडात हा संवादच तुटतो. अगदी गरज पडली तर काचेवर लाल जिलेटीन कागदाच्या दोन-तीन घड्या रबराने बांधाव्यात आणि उजेड जमिनीकडे ठेवावा.

आता बिघाडांविषयी. सर्वांत जास्त वेळा होणारी गोष्ट म्हणजे सॅकमध्ये दाबली जाऊन टॉर्च आपोआप लागते आणि पायथ्याला पोहोचेपर्यंत सेल उतरलेले असतात. टॉर्चला लॉक असेल तर ते लावावे, मागचे झाकण पाव आटा सैल करावे, नाहीतर एक सेल काढून ठेवावा. दुसरे, अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने आत राहिले की गळतात आणि पट्ट्यांवर पांढरा थर चढतो. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन तो पुसावा, कोरडे करावे, मग खोडरबराने घासावे. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत. उतरलेल्या सेलमधूनही बाकीचे सेल प्रवाह ढकलत राहतात, त्यात तो उलटा चार्ज होतो आणि तोच आधी गळतो. मागे वेगळी सेलची डबी असलेल्या हेडटॉर्चची वायर डबीच्या तोंडाशी आतून तुटते; वायर हलवल्यावर उजेड लुकलुकला तर ती टॉर्च रात्रीच्या ट्रेकला नेऊ नये.

चार्जिंगचा एक प्रश्न हल्ली फार येतो. टाइप-सी पोर्ट असूनही काही स्वस्त हेडटॉर्च दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्ज होत नाहीत. त्या पोर्टमध्ये ५.१ किलोओमचे दोन छोटे रेझिस्टर बसवायचे राहिलेले असतात, त्यामुळे चार्जर वीजच सोडत नाही. एका टोकाला जुने चौकोनी यूएसबी असलेली केबल वापरली की काम होते. पॉवर बँकेवरून असा प्रयोग ट्रेकच्या आधी घरी करून पाहावा. काही टॉर्च चार्ज होत असताना लागतच नाहीत, हेही तेव्हाच कळेल. सुटे लिथियम सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात कधीही ठेवू नयेत; शॉर्ट होऊन आग लागू शकते. प्लॅस्टिकची छोटी डबी पुरते.

निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी टॉर्च पूर्ण चार्ज करून, चालताना वापरणार त्याच मोडवर, पंख्याखाली लावून ठेवावी आणि घड्याळ पाहावे. जितके तास भरतील त्याच्या दोनतृतीयांशच ट्रेकसाठी धरावेत. सकाळच्या ट्रेकलाही टॉर्च सॅकमध्ये असू द्यावी. डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत त्यानंतर अर्ध्या तासात पायाखालचे दिसेनासे होते. साल्हेर किंवा धोडपला चार वाजता माथ्यावर रेंगाळणाऱ्यांना अंधारातच उतरावे लागते. अंधारात कपारीत हात घालण्याआधी तिथे झोत टाकावा. मण्यार, घोणस हे विषारी साप मुख्यतः रात्री बाहेर असतात. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर तर दोन्ही हात खोबणींतच लागतात. उजेड कितीही असला तरी त्या पायऱ्या रात्री चढू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अडकून पडल्यास मदतीची आंतरराष्ट्रीय खूण अशी: एका मिनिटात सहा वेळा झोत दाखवायचा, म्हणजे दर दहा सेकंदांनी एकदा, मग एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा तसेच. उत्तर म्हणून मिनिटाला तीन झोत येतात. सतत फडफडणारा स्ट्रोब मोड डोंगरात कुणी मजेने लावला तरी तसाच दिसतो, म्हणून तो यासाठी वापरू नये. ही खूण ट्रेकर्सइतकीच पायथ्याच्या गावांतल्या तरुणांनाही माहीत हवी. आयोजकांनी मुक्कामी जेवणावळीतच ती शिकवावी.

नाशिकच्या ट्रेक आयोजकांना आमची विनंती आहे की गाडीत बसण्याआधीच प्रत्येकाची हेडटॉर्च लावून दाखवायला सांगावी आणि जादा सेल किंवा चार्ज केलेली पॉवर बँक पाहावी. वाट दाखवणाऱ्याकडे आणि सर्वांत शेवटी चालणाऱ्याकडे हेडटॉर्चशिवाय हातातली वेगळी टॉर्च असावी. दर दहा जणांमागे एक चालू हेडटॉर्च आयोजकांनी स्वतःकडे शिल्लक ठेवावी. ज्याच्याकडे फक्त मोबाईल आहे त्याला ती द्यावी. तशी एकही शिल्लक नसेल तर त्याला रात्री वर न नेता उजाडल्यावर दुसऱ्या तुकडीबरोबर न्यावे.

आपले,
रात्रीचे ट्रेक करणारे काही वाचक, नाशिक