आधी आभार, मग हिशोब

जेल रोड, नाशिकरोड
फेब्रुवारीचा शेवटचा रविवार

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, मी प्रार्थना बंद केलीये. तोंड उघडलं की नुसतं मागणंच येतं, आणि आभार मानायला गेले की खोटं वाटतं." मी "बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलला. मम्मी शेजारीच मटार सोलत बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "पोरगी एवढं बोलली आणि तुम्ही जेवणावर गेलात." म्हणून हे पत्र. फोनवर मला वेळेवर काही सुचत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

मागण्याचं आधी उरकतो. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर सरळ मागितलेली आहे. तुझी पणजी तर देवाकडे पाऊस, जावई आणि म्हशीचं दूध एका दमात मागायची, ते मारियामातेच्या 'नमो मारिया' जपाच्या मधोमध. रोझरीची माळ हातात नसली तर बोटांची पेरं मोजायची. तिला कधी आपली प्रार्थना हलकी वाटली नाही.

खरं अडतं ते आभारापाशी. तिथे मीही अडलो होतो, तुला कधी सांगितलं नाही इतकंच.

21 एप्रिल 2021. तू तेव्हा कोरोनामुळे पुण्यात अडकलेली, इथे चर्च बंद, मिस्साची उपासना मोबाईलवर. मम्मीला ऑक्सिजन लावून पाचवा दिवस होता. मी हॉस्पिटलच्या बाहेर, पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून असायचो, आत सोडत नव्हते. दुपारी कुणीतरी ओरडत आला की शहरातल्या दुसऱ्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनची टाकी गळाली, माणसं तडफडतायत. संध्याकाळपर्यंत आकडा 20 च्या वर गेला. आणि चिऊ, बातमी ऐकल्या ऐकल्या माझ्या तोंडातून काय निघालं असेल? "देवा, तुझे उपकार, मम्मी तिथे नाही." म्हणून झालं आणि मग माझा मलाच घास लागल्यासारखं झालं. तिथेही कुणाची तरी मम्मीच होती. माझ्यासारखेच लोक तिथल्या गेटबाहेर स्कूटरवर बसले असतील, त्यांनी आता काय म्हणायचं?

त्यानंतर कितीतरी महिने मी उपकारस्तुतीच्या वेळी ओठ हलवायचो, आत काही नसायचं. मम्मी घरी आली तरीही. लोक म्हणायचे, देवाने वाचवलं. मी मान हलवायचो. जकातदार लांब उभा असताना मंदिरात "देवा, मी या इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार" म्हणणारा येशूच्या दाखल्यातला तो परूशी, धर्मनियम कडक पाळणारा, आठवायचा. त्याच्या प्रार्थनेची सुरुवातही आभारानेच होते, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. तू जे खोटं वाटतं म्हणतेस ते बहुतेक हेच असावं. दुसऱ्याच्या ताटाकडे बघून आपलं ताट भरलेलं आहे म्हणणं. ते तुला खोटं वाटतं हे मला आवडलं.

यातून मला कुणी प्रवचन देऊन काढलं नाही. दोन गोष्टी हळूहळू घडल्या.

पहिली मिस्सातच. लहानपणापासून आपण ऐकतो, मिस्साला 'युखरिस्त' म्हणतात आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आभार. कानावरून जायचं. एका रविवारी फादर वेदीवर भाकर हातात घेऊन ते शब्द म्हणत होते आणि मला एकदम वेळ दिसली. येशूने भाकर घेऊन आभार मानले ती रात्र कुठली? ज्या रात्री त्याला धरून नेलं ती. जेवायला बसलेल्यांपैकी एकजण सौदा करून आलाय, हे त्याला माहीत आहे. तो सुटला म्हणून आभार मानत नाहीये, कारण तो सुटणारच नाहीये. हातात भाकर आहे, समोर आपली माणसं आहेत, तेवढ्यावर आभार. कुणाशी तुलना नाही. पार्किंगमधल्या त्या दिवशी मला हे सुचलं असतं तर मम्मीच्या नाकातल्या त्या नळीबद्दल आभार मानून मी पलीकडच्यांसाठी रडलो असतो. दोन्ही एकाच वेळी जमतं.

दुसरी गोष्ट बालयेशूच्या यात्रेतली. निवृत्त झाल्यापासून मी पुणे रोडवरच्या आपल्या मंदिरात यात्रेच्या दोन दिवसांत रांगेवर सेवा करतो, तुला माहीत आहे. तिथे ख्रिस्ती नसलेलेही खूप येतात. कुणाला त्या बाळराजाचा इतिहास ठाऊक नसतो. मूळ मूर्ती प्रागची, लाकडावर मेण चढवलेली, जेमतेम हातभर उंच, 1628 साली एका बाईने कार्मेल संघाच्या साधूंना दिलेली. नाशिकच्या माणसाला याच्याशी काय करायचंय? त्याला नवस कळतो. रांगेत सगळ्यांचे चेहरे मागायला आलेल्यांचे, आणि ते ठीकच आहे. यंदा एक सिन्नरकडची बाई होती, डोक्यावर पदर, हातात एकच मेणबत्ती. ऊन फार होतं म्हणून मी म्हटलं, मावशी, नवस असेल तर पलीकडे सावलीत थांबा, नंबर धरून ठेवतो. म्हणाली, "नवस नाय भाऊ. मागल्या वर्षी मागितलं होतं, ते झालं नाय. तरी पण पोरगं वर्षभर नीट राहिलं माझ्यासंगं, तेवढं सांगून जाते." काय मागितलं होतं ते मी विचारलं नाही. रांग पुढे सरकली.

दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला, ती गोष्ट आठव. बाकी नऊ कुठे, असं येशू विचारतो. पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्या नऊ जणांचा रोग परत आला, असं कुठेही लिहिलेलं नाही. आभार मानले नाहीत म्हणून देव दिलेलं काढून घेत नाही. तू प्रार्थना बंद केलीस म्हणून घाबरून परत सुरू करू नकोस, एवढंच मला म्हणायचं आहे.

सुरू करायचीच असेल, तर मी काय करतो ते सांगतो. इथल्या सरकारी प्रेसमध्ये माझं आयुष्य छापलेल्या शीट मोजण्यात गेलं. मोजणी जुळल्याशिवाय चैन पडायचं नाही, मग गेटवर झडती, मग घर. त्यामुळे जेझुइट फादरांचा येशूसंघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसने सांगितलेलं रोजच्या रात्रीचं आत्मपरीक्षण मला हिशोबच वाटायचं, दिवसभरात कुठे चुकलो त्याची यादी. ती यादी काढून मी नुसता खचून झोपायचो. मग एकदा मंदिरातल्या येशूसंघाच्या फादरांनी मला त्यातले पाच मुद्दे क्रमाने वाचायला लावले. पहिला मुद्दा, मिळालेल्या उपकारांबद्दल आभार. चुका नंतर. तीस वर्षं मी मोजणी उलट्या टोकाने करत होतो!

आता माझ्या खाटेशेजारी एक शंभर पानी वही असते. झोपण्याआधी आभाराच्या तीन ओळी, मग एक चूक. अट एकच, "आरोग्य दिलंस, कुटुंब दिलंस" असलं ठोकळ काही लिहायचं नाही. ठोकळ आभार मला तरी खोटे वाटतात. काल लिहिलं, मम्मी दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यात न थांबता चढली. त्याआधी कधीतरी, नळाला पाणी सात वाजता आलं आणि मी घरी होतो. काही दिवशी तिसरी ओळ सुचत नाही, मग रिकामी सोडतो. एप्रिल महिन्यात तर बऱ्याचदा.

परवाच्या रात्री काय लिहिलंय तेही सांगून टाकतो, मम्मी म्हणाली सांगा. पहिली ओळ, "चिऊचा फोन, 11 मिनिटं. देवाबद्दल भांडली." आणि खाली चुकीच्या रकान्यात, "जेवणावर गेलो."

पुढच्या रविवारी येतेस का? पिंपळगावची द्राक्षं आलीयेत, मम्मीने तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवलीत. शिवशाहीने आलीस तर नाशिकरोडला उतर, मी स्कूटर घेऊन येतो. चर्चला यायचं नसेल तर नको येऊस, आपण घरीच चहा घेऊ.

तुझे,
पप्पा