समुद्रावर जायच्या वाटा तरी मोकळ्या ठेवा

माननीय संपादक,

अलिबागबद्दल पेपरात हल्ली दोनच गोष्टी येतात, कुठल्या नटाने नाहीतर क्रिकेटरने किती कोटींना जमीन घेतली ते आणि वीकेंडचं ट्रॅफिक. इथे बारा महिने राहणाऱ्यांचं काय चाललंय ते कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मांडव्यापासून सासवणे, आवास, किहीम करत थळपर्यंत समुद्राला लागून सगळ्या नारळ-सुपारीच्या वाड्या होत्या. वाडीच्या कडेकडेने समुद्रावर जायची वाट असायची, ती कुठल्या सातबाऱ्यावर लिहिलेली नव्हती कारण लिहायची वेळच कधी आली नाही, वाडीचा मालक गावातला आणि वाटेने जाणारा पण गावातलाच. आता वाडी विकली गेली की सगळ्यात आधी उंच भिंत येते, मग गेट, मग कॅमेरा, आणि वाट संपली. जाळं खांद्यावर घेऊन जाणाऱ्याला, संध्याकाळी समुद्रावर जाऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना आता अख्खा वळसा पडतो. आमच्या घराजवळची वाट अशीच बंद झाली, विचारायला गेलो तर कागद दाखवा म्हणाले. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या वाटेचा कागद आणायचा कुठून? किनारा सरकारचा आहे, तो कोणी विकत घेऊ शकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे पोचूच दिलं नाही तर त्याचा उपयोग काय.

बाहेरून आलेल्या लोकांवर माझा राग नाही. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रोरो सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू झाला, त्याचा फायदा आम्हालाही झालाच, पेशंटला मुंबईला न्यायचं तर गाडीसकट बोटीत चढता येतं. बंगल्यांवर आमच्या पोरांना काम मिळतं. पण ज्या वाडीत आजोबांनी माड लावले तिथेच नातू केअरटेकर आहे आणि लग्नानंतर वेगळं घर बांधायला त्याला स्वतःच्या गावात एक गुंठा परवडत नाही, हे बघवत नाही हो. गावठाण वाढवा म्हणून किती वर्षं लोक मागणी करतायत.

विकणाऱ्यांनाही मी दोष देणार नाही. भावाभावांत वाटण्या होऊन हातात चार-पाच गुंठे राहतात, खारबांध फुटला की शेतात खारं पाणी शिरतं, दवाखाना आहे, मुलांची शिक्षणं आहेत. पण हा तालुका चरीच्या संपाचा आहे. 1933 पासून सहा वर्षं नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून शेतकऱ्यांनी जमीन पडीक ठेवली, जंगलातली लाकडं विकून दिवस काढले पण खोतापुढे वाकले नाहीत. त्या लोकांच्या नातवंडांना समुद्रावर जायला वॉचमनची परवानगी लागावी?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने ग्रामसभा घेऊन समुद्रावर जायच्या सगळ्या जुन्या वाटांची यादी करावी, म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना बरोबर घेऊन वाट चालून दाखवून घ्यावी, आणि तहसीलदारांनी मोजणी करून त्या गावच्या नकाशावर चढवाव्यात. वाडी-शेताच्या वहिवाटीत कोणी अडथळा केला तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तो काढायचा अधिकार तहसीलदारांना आहे, पण अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो आणि हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यामुळे भिंतीचा पाया खणायला घेतला की लगेच अर्ज टाका, बंगला पूर्ण व्हायची वाट बघू नका. सरकारने मनात आणलं तर होतं, किहीमला फरार हिरे व्यापाऱ्याचा बंगला मार्च 2019 मध्ये सुरुंग लावून पाडलाच की.

आणि ज्यांनी इथे घरं घेतलीत त्यांनाही हात जोडून विनंती आहे, भिंत बांधताना एका कडेने माणूस जाईल एवढी वाट सोडा. वाडी विकायला काढलेल्या गाववाल्यांनी तर ती वाट खरेदीखतातच लिहून घ्यावी, सही करायच्या आधी.

आपला,
एक वाचक, ता. अलिबाग, जि. रायगड