जेफरसनची भिंत भाविकांनीच मागितली होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या स्थापनेवर जी लेखमाला चालू आहे, तिच्या ताज्या भागात म्हटले आहे की, अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन देव मानत नसे, म्हणूनच त्याने धर्म आणि राज्य यांच्यामध्ये भिंत घातली. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि घर माळकऱ्यांचे. त्यामुळे हे वाक्य मला दोन्ही बाजूंनी टोचले. देव न मानणाऱ्यांनाच अशी भिंत हवी असते, हा समज आपल्याकडे आधीच भरपूर आहे. त्यात वृत्तपत्राने भर घालू नये.

ज्या पत्रात ही ‘भिंत’ येते, ते जेफरसनने 1 जानेवारी 1802 रोजी लिहिले. कोणाला? कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी परिसरातील बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींना. ही माणसे कट्टर भाविक. त्या राज्यात काँग्रिगेशनल या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे चर्च सरकारमान्य होते आणि त्याच्यासाठी कर गोळा होई. आपण दुसऱ्या पंथाचे आहोत असा दाखला दिला, तरच बाप्टिस्टांची त्यातून सुटका. आमचे धर्मस्वातंत्र्य हा आमचा हक्क न मानता सरकार आमच्यावर मेहेरबानी केल्यासारखे वागते, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे सरकारला आपल्या प्रार्थनेपासून दूर ठेवा, ही मागणी रोज प्रार्थना करणाऱ्यांची होती.

जेफरसनच्या स्वतःच्या व्हर्जिनियात तर स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीच्या काळात बाप्टिस्ट प्रवचनकारांना परवान्याशिवाय प्रवचन केले म्हणून तुरुंगात टाकत. जेम्स आयर्लंड हा त्यांतला एक. कल्पेपरच्या तुरुंगातून तो खिडकीच्या गजांतून बाहेर जमलेल्या लोकांना उपदेश करी. त्याचा आवाज बंद पडावा म्हणून दाराशी गंधक आणि मिरच्या जाळल्या, असे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. घरात कधी मिरचीचा धूर घेतलेला कोणताही वाचक यावर वेगळे भाष्य मागणार नाही. आणि हे करणारे कोणी नास्तिक नव्हते, राजमान्य चर्चची माणसे होती.

व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा मसुदा जेफरसनने 1777 मध्ये केला. 1779 मध्ये तो विधिमंडळात आला आणि पडून राहिला. 1784 मध्ये तिथला बडा पुढारी पॅट्रिक हेन्री याने ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर बसवण्याचे विधेयक पुढे आणले. आपला कर कोणत्या पंथाला जावा, हे करदात्यानेच ठरवायचे, इतकी सोयही त्यात होती. तरीही जेफरसनचा सहकारी जेम्स मॅडिसन याने त्याविरुद्ध निवेदन लिहिले आणि गावोगावचे बाप्टिस्ट व प्रेस्बिटेरियन हा आणखी एक पंथ यांचे लोक सह्या गोळा करायला निघाले. कर आमच्याच पंथाला मिळणार असला तरी नको, असे म्हणायला श्रद्धा पक्की लागते. हेन्रीचे विधेयक बारगळले आणि जानेवारी 1786 मध्ये जेफरसनचा कायदा मंजूर झाला. तो स्वतः तेव्हा पॅरिसला अमेरिकेचा राजदूत म्हणून होता.

या कायद्याच्या प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचे नाव घालण्याची दुरुस्ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. उतारवयात लिहिलेल्या आत्मवृत्तात जेफरसन याचा मुद्दाम उल्लेख करतो आणि सांगतो की या संरक्षणाच्या छत्राखाली ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कोणत्याही पंथाचा अश्रद्ध यावा हीच इच्छा होती. होय, हिंदू हा शब्द तिथे आहे. तेव्हाच्या व्हर्जिनियात हिंदू जवळजवळ नव्हतेच, तरी त्याने दार उघडे ठेवले. शेजारी वीस देव मानतो की एकही मानत नाही, याने माझा खिसा कापला जात नाही की पाय मोडत नाही, हेही त्याचेच. तेहतीस कोटींचा हिशेब त्याला कोणी सांगितला नसावा.

आता तो खरोखर नास्तिक होता का? 1800 च्या निवडणुकीत विरोधकांनी तसा प्रचार जोरात केला. पण निर्माता परमेश्वर आहे असे तो मानत असे. त्याला चमत्कार पटत नसत. म्हणून त्याने धारदार पात्याने शुभवर्तमानांतले, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतले, उतारे कापले आणि ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी अशा चार भाषांत येशूचा उपदेश एका वहीत चिकटवला. ती वही हयातीत छापली नाही. आपला धर्म हा आपला आणि देवाचा मामला, हे तो इतरांना सांगे तसे स्वतःही पाळी.

लेखात जॉन लीलंडचे नाव नाही, याचे मला फार वाईट वाटले. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या या बाप्टिस्ट प्रवचनकाराने गावकऱ्यांकडून 1,235 पौंडांचे, म्हणजे साडेपाच क्विंटलांहून जड चीज करवून घेतले आणि ते थेट वॉशिंग्टनला नेऊन जेफरसनला दिले. तारीख तीच, 1 जानेवारी 1802! दोन दिवसांनी लीलंडने प्रतिनिधिगृहात प्रवचन केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष समोर बसला होता. भिंत घालणारा देवाचे नाव ऐकायला येत होता. आता प्रतिनिधिगृहात प्रवचन हे त्याच्याच भिंतीत कसे बसते, असा प्रश्न वर्गातल्या एखाद्या चुणचुणीत मुलीने विचारला, तर मी तिची पाठ थोपटेन. मलाही ते पुरते बसत नाही.

चेशायरच्या लोकांनी सोबत जे निवेदन दिले, त्यात एक वाक्य होते: या चीजला एकाही गुलामाचा हात लागलेला नाही. ते घेणाऱ्याने आयुष्यात सहाशेहून जास्त माणसे गुलाम म्हणून बाळगली. मनाच्या स्वातंत्र्यावर इतके नितळ लिहिणाऱ्याने मॉन्टिसेलो या आपल्या मळ्यावर राबणाऱ्यांना ते दिले नाही. लीलंडने 1789 मध्येच व्हर्जिनियाच्या बाप्टिस्टांपुढे गुलामीविरुद्ध ठराव आणला होता. या बाबतीत प्रवचनकार राष्ट्राध्यक्षाच्या पुढे होता, आणि हे सांगितल्यावाचून जेफरसनचे कौतुक करू नये.

आपल्या राज्यघटनेच्या कलम 27 नुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा जोपासनेसाठी राखून ठेवलेला कर देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. हेन्रीच्या विधेयकावरून पेटलेला वाद आठवला की हे कलम वाचताना ओळखीचे वाटते. मात्र भिंत आहे तशी आपल्याकडे आणता आली नसती. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषणाला बसावे लागले. मंदिरप्रवेशासाठी इथे कायदा करावा लागला. त्याला माझ्या घरात कोणी धर्मात ढवळाढवळ म्हटले नाही. पुढे शासनाने मंदिराचा कारभारही हाती घ्यावा का, यावर मात्र आमच्याकडे जेवताना भांडणे होतात.

लेखमालेचा पुढचा भाग व्हर्जिनियावर आहे असे कळते. त्यात कल्पेपरचा तुरुंग आणि लीलंड यांना चार ओळी द्याव्यात, आणि ते ‘म्हणूनच’ तेवढे काढून टाकावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाई