डॉ. सेल्विन-क्लार्क यांस आभारपत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सविनय नमस्कार.

१९७६ मध्ये आपण गेलात, तरी हे पत्र आपल्यालाच. आपण ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हाँगकाँगच्या वैद्यकीय खात्याचे संचालक असताना जे निभावले, त्याचे ऋण सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्या आमच्यावर आहे.

१९३७ मध्ये तिथली वस्ती सुमारे १० लाख होती. ऑक्टोबर १९३८ मध्ये जवळचे चिनी शहर कँटन जपान्यांच्या हाती पडले आणि निर्वासितांचा लोंढा आला. १९४१ च्या मोजणीत आकडा १६ लाखांवर गेला. चिनी माणसांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा झाला १९४० मध्ये, म्हणजे लोंढा येऊन पोहोचल्यावर. नॉर्थ पॉइंट, किंग्ज पार्क, मा ताउ चुंग इथल्या छावण्यांत थोडेच मावले. बाकीचे दाटीच्या खोल्यांत, जिन्यांवर, फुटपाथवर राहिले.

खरी कसोटी या बाहेरच्यांचीच. छावणीत माणूस रांगेत सापडतो, फुटपाथवरचा उद्या दुसऱ्या गल्लीत असतो. देवीचा संसर्ग झाल्यावर तीन-चार दिवसांत लस टोचली तर बहुधा जीव वाचत असे, म्हणून लसच माणसाकडे न्यावी लागे. १९३८ च्या साथीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या स्वयंसेवकांनी ते काम केले. त्यांचेही आभार. आणखी एक पेच होता. घरात साथीने कुणी गेले की निर्जंतुकीकरणवाले येणार, वर अंत्यविधीचा खर्च. म्हणून प्रेते रात्री रस्त्यावर ठेवली जात आणि रोग नेमका कुठल्या घरात आहे हे कळत नसे.

सगळ्यांत जास्त आभार बेरीबेरीकडे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व कमी पडून होणाऱ्या आजाराकडे, दिलेल्या लक्षाबद्दल. पॉलिश करून पांढरा केलेल्या तांदळातून ब-१ जीवनसत्त्व कोंड्याबरोबर जाते, उरलेसुरले धुण्याच्या पाण्यात. शिवाय जितका भात जास्त, तितकी ब-१ ची गरज जास्त. त्यामुळे नुसत्या भाताने पोट भरते आणि आजार बळावतो. आधी पायांना मुंग्या, मग सूज, मग हृदय थकते. आईच्या दुधातच ब-१ नसेल तर अंगावरचे बाळ तीन-चार महिन्यांत अचानक जाते. उपाय स्वस्त आहे: कोंडा, शेंगदाणे, कडधान्ये. कोकणातला उकडा तांदूळही चालतो, कारण उकडताना ब-१ दाण्यात मुरते. पण उपाशी माणसालाही पांढराच भात हवा असतो. ती सवय मोडणे औषधापेक्षा अवघड. आपण आहार हा आरोग्य खात्याचाच प्रश्न मानलात.

डिसेंबर १९४१ मध्ये शहर जपान्यांच्या हाती गेल्यावरही आपण काम सोडले नाही. जपान्यांच्या छावण्यांतल्या कैद्यांना चोरून औषधे पोहोचवलीत. २ मे १९४३ ला अटक झाली, छळ झाला, पण मदतनिसांची नावे आपण सांगितली नाहीत.

आपले ऋणी,
सार्वजनिक आरोग्याचे काम करणारे आम्ही