पानाचा सोर्स वाचता यायलाच हवा

संपादक साहेब,
कॉलेज रोडला पोरं वेब डिझाइन शिकतायत, पण कुठल्याही मोठ्या साइटवर राइट क्लिक करून व्ह्यू सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडलं की दिसतं काय, तर एका ओळीत कोंबलेली हजारो अक्षरं, व्हेरिएबलची (कोडमध्ये माहिती साठवणाऱ्या नावांची) नावं नुसती ए, टी, एन आणि कमेंट, म्हणजे कोड समजावणाऱ्या टिपा, सगळ्या उडवलेल्या. आम्ही दुसऱ्यांची पानं वाचूनच एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, शिकलो, क्लास कोण लावत होतं! २०१९ मध्ये वेबअसेंब्ली, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा आधीच कंपाइल केलेला कोड, स्टँडर्ड झालं, ते तर बायनरीच, माणसाला थेट वाचता न येणारं. कोड असा कोंबला की फाइल लहान होते, पान पटकन उघडतं, मान्य. पण सोर्स मॅप, म्हणजे कोंबलेला कोड मूळ कोडशी जोडणारी फाइल, सोबत दिला की ब्राउझर मूळ कोड दाखवू शकतो, मग निदान सरकारी साइटींनी तरी तो द्यावा ना, पैसा आपलाच आहे.

– एक वेब डेव्हलपर, नाशिकरोड