पाच तोळ्यांची पिल्लं

कराड,
१४ डिसेंबर

प्रिय दिग्या,

काल फोनवर 'उचललंस तिथंच ठेव' एवढं ओरडलो आणि रेंज गेली. रागावलास की काय? अरे, ऊसतोडीत सापडलेलं ते पिल्लू रानसशाचं. अंगावर केस आणि डोळे टकाटका उघडे, असंच जन्मतं ते. आई दिवसा लांब राहते, अंधार पडल्यावर येऊन पाजून जाते. आपल्याला उगाच बेवारस वाटतं. फडात कोयते चालू असतील तर लगतच्या बांधावर गवतात ठेव. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते घरी बाळगताही येत नाही.

पाळीव सशाचं वेगळं. आमची पांढरी सशीण श्रावणात व्याली. पोटाचे केस उपटून घरटं केलं आणि दुसऱ्याच दिवशी मेली. मागं चार पिल्लं, उघडीनागडी, डोळे मिटलेली. आप्पांनी एकेक उचलून दुकानातल्या सोन्याच्या काट्यावर ठेवलं. म्हणाले, "पाच तोळे. घडणावळ वेगळी!"

गाईचं दूध नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मांजराच्या पिल्लांची दूध पावडर पुण्याहून येईपर्यंत शेजारच्या शेळीचं कोमट दूध, बिनसुईच्या सिरिंजनं, थेंब थेंब. पाजून झालं की ओल्या कापसानं बूड पुसायचं, नाहीतर मुततच नाहीत. आई चाटते ना, ते काम आता माझ्याकडे! खोक्यात तिचेच केस आणि टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली.

एक माझ्या हातानं गेलं, दिग्या. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं, दूध श्वासात गेलं. रात्रभर घरघरत होतं. पालथंच ठेवून, डोकं जरा वर धरून पाजायचं असतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तुझ्या वहिनीला अजून वाटतंय ते गारठ्यानं गेलं. तिला बोलू नकोस.

बाकी तिघांनी अकराव्या दिवशी डोळे उघडले. तोवर आप्पा रोज दुकान उघडायच्या आधी वजन करायचे. पाव तोळा घटलं तरी त्यांना घास गोड लागायचा नाही. आता त्यातला थोरला दीड किलोच्या वर गेलाय, काट्यात बसत नाही.

तिन्हीसांजेला बांधाकडं गेलास तर लांबूनच बघ. टॉर्च मारू नकोस. आणि कळव.

तुझा,
बाळ्या